डीजे बंद झाला म्हणजे लेझीम परत येईल का?

बाळीवेसकर

गणेशोत्सव तोंडावर आला की सोलापुरात डीजेची चर्चा सुरू होते आणि विसर्जन आटोपले की ती शक्तिदेवीच्या मिरवणुकांपर्यंत विसावा घेते. शांतता समितीच्या बैठका होतात, निवेदने दिली जातात, ‘पारंपरिक वाद्यांचा वापर करा’ असे आवाहन वर्तमानपत्रांत छापून येते, आणि तरीही मिरवणुकीच्या रात्री मधला मारुती, टिळक चौक, कोंतम चौक या भागांत राहणाऱ्यांवर खिडकीच्या काचा हाताने धरून बसण्याची वेळ येते. या चर्चेत डीजेवाले आणि लेझीमवाले अशा दोनच बाजू असल्याचे गृहीत धरले जाते. ही मांडणी मला अपुरी वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे, की बंदी घातल्याने फार तर डीजे बंद होईल. लेझीम आपोआप परत येणार नाही. पूर्वी श्रावण लागला की पेठापेठांतल्या तालमींसमोर आणि मंडळांच्या अंगणांत संध्याकाळी हलगी कडाडायची. वस्ताद नव्या पोरांना चार आवाज, आठ आवाज या लेझमीच्या चालींपासून सुरुवात करून द्यायचे, मग बैठका, मग रांगा बदलणे, आणि विसर्जनाच्या दिवशी शे-दीडशे जणांचे हात एका ठेक्यावर वर-खाली व्हायचे. या सगळ्यासाठी संध्याकाळ मोकळी असलेली तरुण माणसे गावातच असावी लागतात. आज माझ्या गल्लीतील निम्मी मुले पुण्यात नोकरीला आहेत आणि उरलेली शिकवणीला. हुतात्मा एक्सप्रेसने आदल्या रात्री उतरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी डीजेसमोर मनसोक्त नाचू शकतो, परंतु लेझमीच्या रांगेत त्याला उभे करता येत नाही. डीजेला सराव लागत नाही, हे त्याच्या यशाचे खरे कारण आहे. आवाज त्यानंतर येतो.

याला उलट उदाहरण आपल्याच गावात आहे. सिद्धेश्वर महाराजांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात, आणि एवढ्या मोठ्या मिरवणुकीला डीजेची उणीव कुणाला भासत नाही. पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा मनुष्य यात्रेआधी कित्येक आठवडे सराव करतो. हलगीच्या ठेक्यावर पाऊल टाकत, तो उंच दंड तोल सांभाळून पुढे नेणे हे काम ऐन वेळी आलेल्या माणसाचे नव्हे. तिथे प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेले असते आणि ते काम वडिलांकडून मुलाकडे जाते. गणेश मंडळाच्या मिरवणुकीत मात्र वर्गणी गोळा करणारे दहा जण सोडले तर बाकीच्यांना नाचण्याखेरीज काम उरलेले नाही. ज्याला काम नाही त्याला आवाज हवा असतो, असे मी म्हटले तर ते कुणाला लागू नये.

तेव्हा ‘डीजे हवा की नको’ या प्रश्नावर हात वर करून मोकळे होण्यापेक्षा, आवाज नेमका कशाने त्रास देतो, तो मोजायचा कसा, आणि लेझीम हवी असेल तर ती कोण शिकवणार व वाजवणार कोण, यांवर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

होटगीरोड

विषय चांगला मांडला आहे, परंतु मला त्यातील संयम परवडत नाही. माझ्या वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्याच आठवड्यात एका जयंतीची मिरवणूक रुग्णालयाच्या फाटकासमोर बराच वेळ थांबून होती. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटाची दारे थरथरत होती आणि परिचारिका प्रत्येक खोलीत जाऊन रुग्णांच्या कानांत कापूस घालत होत्या. रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते, असा फलक त्याच फाटकावर लावलेला आहे. लेझीम परत येवो अथवा न येवो, आधी हे थांबले पाहिजे. पर्याय उभा राहीपर्यंत आजाऱ्यांनी कळ काढावी, असे कुणी सुचवू नये.

साउंडवाला

मी याच व्यवसायात आहे, त्यामुळे येथे माझ्यावर दगड पडणार हे गृहीत धरून लिहितो.

ज्याला लोक सरसकट डीजे म्हणतात त्यात प्रत्यक्षात तीन थर असतात. खाली बेस, म्हणजे अठरा इंची स्पीकरची मोठी खोकी. त्यावर मिड आणि त्यावर टॉप. गाण्यातील शब्द आणि चाल मिड-टॉपमधून येतात. छातीत धडधडणारा जो ठोका असतो, तो बेसचा. माणसाच्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात, त्यामुळे बेस ‘जाणवावा’ म्हणून त्याला कितीतरी अधिक ताकद द्यावी लागते, आणि अ‍ॅम्प्लिफायर व जनरेटर यांचा बहुतेक खर्च तिथेच जातो. सुपारी देताना मंडळाचे कार्यकर्ते विचारतात ते ‘किती बेस आणणार?’ एवढेच. आवाज स्वच्छ आहे का, गाणे समजते का, हे आजपर्यंत मला कुणी विचारलेले नाही. शेजारच्या मंडळाने आठ आणले तर आमचे बारा हवेत, ही स्पर्धा ऑपरेटर लावत नाही. तो फक्त ती पुरवतो.

बाळीवेसकर यांनी सरावाचा मुद्दा मांडला, तो मला पटतो. परंतु एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही. या व्यवसायात आज गावातील जी मुले आहेत, त्यांतील बरीचशी यंत्रमागावर गेली असती. तिथे काम कमी झाले म्हणून ती इकडे आली. एका गाडीमागे ऑपरेटर, वायरिंग करणारा, जनरेटर सांभाळणारा, खोकी चढवणारे-उतरवणारे असे आठ-दहा जण पोट भरतात. यंत्रसामग्री कर्जावर घेतलेली असते आणि धंदा वर्षातील मोजक्या दिवसांचा. बंदीचा आदेश उत्सवाच्या चार दिवस आधी निघाला, की सुपारीची उचल परत करावी लागते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. बंदी घालायची असेल तर ती वर्षभर आधी जाहीर करा. मी गाडी विकून लग्नाच्या हॉलची साउंड सिस्टीम घेईन. ऐन वेळच्या बंदीने फक्त पोलिसांच्या नजरेआड बेस वाढवणारे तेवढे तगून राहतात.

पार्कचौक

मी ध्वनिमापनाशी संबंधित काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून ‘मोजायचा कसा’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. हा भाग थोडा रूक्ष आहे, परंतु सगळा घोळ इथेच आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, आणि ती सवलत वेळेची असते, आवाजाच्या पातळीची नव्हे. डेसिबलचे कोष्टक सरळ चढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला म्हणजे त्यातील ऊर्जा दुप्पट झाली आणि १० ने वाढला म्हणजे दसपट झाली. त्यामुळे ‘फक्त वीसच डेसिबल जास्त होते’ असे कुणी म्हणाले, तर ऊर्जा शंभरपट होती असा त्याचा अर्थ घ्यावा.

आता मुख्य गोष्ट. नियमांतील हे सगळे आकडे ‘ए’ भारांकनाचे आहेत. माणसाचा कान खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून मोजणारे यंत्रही ते सूर कमी करूनच आकडा दाखवते. ५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे जिथे डीजेचा बेस असतो तिथे, ही वजावट सुमारे ३० डेसिबलची असते. याचा अर्थ असा, की प्रत्यक्षात ११० डेसिबलचा निव्वळ बेस चालू असेल, तर पोलिसांच्या हातातील यंत्र ८० च्या आसपास आकडा दाखवील. तोही मर्यादेच्या वर असतो हे खरे. परंतु ज्याच्या घराचे तावदान हादरते आहे त्याला वाटते यंत्र खोटे, आणि ऑपरेटरला वाटते तक्रारदार खोटा. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. त्याच यंत्रात ‘सी’ भारांकनाचीही सोय बहुधा असते, ज्यात ५० हर्ट्झला जेमतेम दीड डेसिबलची वजावट होते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवले आणि त्यांतील फरक १५-२० च्या पुढे गेला, की त्रास बेसचा आहे हे कागदावर सिद्ध होते. एवढी साधी नोंद कुठल्याही पंचनाम्यात माझ्या पाहण्यात आलेली नाही.

जुन्या पेठांतील गल्ल्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. चाटी गल्लीसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंती तो आवाज परत आत फेकतात आणि तो फारसा उतरत नाही. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते, म्हणजे कित्येक गल्ल्यांच्या रुंदीपेक्षा अधिक. अशा लहरीला दार, पडदा, खिडकी यांचे काही वाटत नाही. ज्यांच्या घराला अजून माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर आहे, त्यांनी मिरवणूक दारासमोर थांबलेली असताना आत जाऊन पाहावे. तुळयांच्या फटींतून माती भुरभुर पडत असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडणीतील भांड्यांवर तिचा थर बसलेला दिसतो. तोच ट्रक पार्क स्टेडियमसमोरच्या रुंद रस्त्यावर निम्मा उपद्रवही करत नाही.

भ्रमणध्वनीवरील डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपविषयी अनेक जण विचारतात. त्यांतील मायक्रोफोन बोलण्यासाठी केलेला असतो; फार मोठ्या आवाजाला तो दबतो आणि खालचे सूर मुळातच गाळतो. तक्रारीला पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. अंदाज घेण्यापुरते ठीक आहे.

साउंडवाला

पार्कचौक यांनी जे लिहिले ते आमच्या अनुभवाशी जुळते. त्यात एक भर घालतो. बेस घर हादरवतो, परंतु कानाला इजा करण्यात मोठा वाटा मिड-टॉपचा असतो, कारण तीन-चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वांत हळवा असतो. ट्रकच्या अगदी पुढ्यात खोक्याला डोके लावून नाचणारी पोरे घरी गेल्यावर ‘कानात शिट्टी वाजतेय’ म्हणतात, ती या पट्ट्याची करामत. म्हणजे शेजाऱ्यांचा शत्रू वेगळा आणि नाचणाऱ्यांचा वेगळा. आम्हीच कानात बोळे घालून उभे असतो, हे मात्र खरे.

पूर्वभाग

कानाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे, अशोक चौक ते विडी घरकुलपर्यंत, पन्नाशीच्या पुढच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावाच लागतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाजाची पातळी नव्वद डेसिबलच्या पुढे असते, आणि त्यात माणसाने आठ-बारा तासांच्या पाळ्या आयुष्यभर केलेल्या असतात. कामाच्या ठिकाणासाठी जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा आहे, की ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे येतात. कानाच्या आत शंखासारख्या भागात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. माझ्या वडिलांनी चादरी विणल्या आणि कान मागावर ठेवले; माझ्या मुलाने ते हौसेने ट्रकपुढे ठेवावेत, हे मला सहन होत नाही.

दुसरी गोष्ट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव निघतो. आमच्या पद्मशाली समाजाचा हा सर्वांत मोठा दिवस. त्या दिवशी मागांची खटखट थांबते, आणि ती शांतता हाच अर्धा सण असतो. रथापुढे वेगवेगळे समूह आपापले खेळ करत चालतात. अलीकडे काही समूहांच्या मागे छोट्या टेम्पोवर खोकी दिसू लागली आहेत. वर्षभर आवाजात राहणाऱ्या माणसांना सुट्टीच्या दिवशीही आवाजच का हवासा वाटतो, याचे उत्तर बाळीवेसकर यांच्या ‘ज्याला काम नाही’ या वाक्यात मला सापडत नाही. आमच्या पोरांना कामाची कमतरता नाही. मला वाटते, मोठ्या आवाजात स्वतःचा विचार ऐकू येत नाही, आणि बारा तासांच्या पाळीनंतर ते सुख वाटत असावे.

बाळीवेसकर

पूर्वभाग, तुमचे म्हणणे विचार करायला लावणारे आहे. ‘काम’ म्हणजे मिरवणुकीतील काम, एवढ्याच अर्थाने मी लिहिले होते. तरीही सुख कशात वाटते हा तुमचा मुद्दा त्यापलीकडचा आहे. आता हलगी-लेझमीविषयी कुणी लिहावे.

सातरस्ता

हलगीविषयी मी लिहितो, आणि थोडे कडवट लिहितो.

‘पारंपरिक वाद्ये परत आणा’ असे म्हणणाऱ्या सज्जनांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: हलगी कुणाच्या गळ्यात घालणार? माझे आजोबा हलगी वाजवत. गावकीत ते काम ठरलेले होते. मिरवणूक असो, लग्न असो की मढे असो, वाजवायचे त्यांनी आणि मानाचा विडा दुसऱ्याने घ्यायचा. मोबदल्यात पसाभर धान्य आणि देवळाच्या पायरीखालची जागा. बाबासाहेबांच्या विचाराने आमच्या घरातील हलगी खुंटीवरून उतरवली गेली आणि पुन्हा हाती धरायची नाही असे ठरले. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. सोलापुरात अशी शेकडो घरे आहेत. वाद्य गेले त्याची हळहळ ज्यांनी ते कधी गळ्यात घातले नाही त्यांना अधिक वाटते, याची गंमत वाटते.

डीजे आला तेव्हा आमच्या वस्तीतील पोरांना प्रथमच असे वाटले, की पैसे मोजून आपल्या पसंतीचे गाणे आपल्या रस्त्यावर आपण वाजवू शकतो आणि कुणाच्या मर्जीने वाजवावे लागत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांवरील गाणी मोठ्या आवाजात लागतात, त्यामागे हे आहे. ‘आवाज कमी करा’ हे वाक्य आम्ही पिढ्यान्पिढ्या वेगळ्या अर्थाने ऐकत आलो आहोत.

तरीही मी डीजेच्या बाजूने नाही. आमच्याच वस्तीत पत्र्याची घरे आहेत, बेसने ती अक्षरशः वाजतात, आणि अभ्यास करणारी पोरे आमचीही आहेत. जयंतीच्या वर्गणीतून अभ्यासिकेत पंखे बसवावेत की ट्रक आणावा, यावर आमच्याकडे दरवर्षी भांडण होते आणि अलीकडे पंखेवाले जिंकू लागले आहेत. एवढेच सांगायचे आहे, की लेझीम परत आणायची असेल तर हलगी वाजवणारा हा कलावंत म्हणून आला पाहिजे. त्याला ठरलेले मानधन आधी मिळाले पाहिजे, जेवण सगळ्यांच्या पंगतीत मिळाले पाहिजे, आणि पेठेतल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या मुलांनीही ती गळ्यात अडकवून शिकली पाहिजे. हे होणार नसेल तर मला परंपरेचे कौतुक सांगू नये.

लेझीमताई

सातरस्ता यांचे शब्द जिव्हारी लागणारे आहेत आणि त्यांतील एकही मला खोडता येत नाही. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचे लेझीम पथक चालवते. आमच्या पथकात हलगी वाजवणाऱ्या दोन मुली आहेत. त्यांच्या आडनावांची चौकशी मी कधी केली नाही आणि कुणाला करू दिली नाही. त्यांना शिकवायला येणारे काका मात्र परंपरेने वाजवणारेच आहेत, आणि त्यांना आम्ही महिन्याच्या महिन्याला मानधन देतो, उत्सवापुरते देत नाही. पहिल्या वर्षी पालकांपैकी एकाने ‘मुलीच्या हातात हलगी कशाला’ असे विचारले होते. काकांनीच त्यांना उत्तर दिले: ‘हात कुनाचा हाय ते हलगीला कळत न्हाई, ठेका चुकला तेवढं कळतं.’

प्रत्यक्ष कामाच्या अडचणी येथे लिहिणे उपयोगी ठरेल. कातडी हलगी पावसाळ्यात सैल पडते. गणेशोत्सव नेमका भाद्रपदात, हवेत ओल असताना येतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने कागद किंवा पाचट पेटवून तिला शेक द्यावा लागतो. शेक कमी पडला तर ती भद्द वाजते आणि जास्त झाला तर फाटते. काका बोटाच्या पेराने कडेवर टिचकी मारतात आणि कान लावून ठरवतात. ही टिचकी शिकायला मुलींना एक अख्खा हंगाम लागला. आता फायबरचे पान लावलेल्या हलग्या मिळतात. त्या ओल्या होत नाहीत, शेकाव्या लागत नाहीत, आवाजही कडक देतात. जुनी मंडळी नाक मुरडतात, परंतु ज्यांना मिरवणुकीत शेकोटी पेटवायची परवानगी मिळत नाही, त्यांनी ती अवश्य वापरावी. यंत्रतंत्राला माझा विरोध नाही. कवायतीच्या चित्रफिती आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो, त्यामुळे शिकवणीमुळे सराव चुकलेली मुलगी रात्री घरी पावले पाहून ठेवते. बाळीवेसकर पुण्याच्या मुलांविषयी लिहितात. त्यांच्यासाठीही असे करता येईल. निम्म्या सरावाला आलेल्याला शेवटच्या रांगेत उभे करावे आणि त्याला सोप्या चालीच द्याव्यात. आमच्याकडे हे चालते.

लेझीम वजनाने हलकी दिसते. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यातल्या चकत्या मिळून तासाभराने मनगट भरून येते. सरावानंतर भूक खवळते, आणि मंडळांचा खरा खर्च तिथे असतो. आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही एवढ्यावर भागवतो. भाकरी आधी आणून ठेवता येते आणि कुणाला स्वयंपाकाला जुंपावे लागत नाही. ज्या मंडळाला डीजेची सुपारी परवडते, त्याला काकांचे वर्षभराचे मानधन, लेझमी आणि ही भाकरी असे सगळे सहज परवडेल. अडचण पैशाची नाही. पथकाचा खर्च बारा महिने थोडा थोडा होतो आणि वर्गणी मात्र उत्सवाच्या तोंडावर एकदमच गोळा होते. त्यामुळे आषाढात सराव सुरू करायचा तर पेटीत पैसा नसतो. मागील वर्षाच्या शिल्लकीतून काही रक्कम पथकाच्या नावाने बाजूला ठेवणे, एवढी एक गोष्ट मंडळाने केली तरी पुष्कळ होईल.

होटगीरोड

ढोल-ताशा पथकेही काही कमी आवाज करत नाहीत, याकडे कुणाचे लक्ष कसे गेले नाही? पन्नास ढोल एकत्र वाजले तर तेही शंभरी गाठतात. पारंपरिक म्हटले की मोजमाप माफ, असे आहे का?

पार्कचौक

माफ नाही. नियमांत वाद्यांचाही उल्लेख आहे. रात्री १० नंतर उघड्यावर ढोल-ताशेही वाजवता येत नाहीत. फरक एवढाच, की माणसाचे हात दमतात आणि पथक पुढे सरकते. ट्रक एका चौकात दोन तास उभा राहू शकतो. हलगीचा आवाज टोकदार असतो, त्यात खालचे सूर फारसे नसतात, त्यामुळे तो भिंतीपलीकडे बराच उतरतो. मोठ्या ढोल पथकाबाबत तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि मोजमाप त्यांचेही झाले पाहिजे.

दंडाविषयीही एक गोष्ट येथे सांगतो. हे नियम १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली येतात. त्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, त्यामुळे खटले दाखल होत आणि वर्षानुवर्षे पडून राहत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्याऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंडाची तरतूद केली. मंडळाच्या अध्यक्षाला खटल्यापेक्षा हा आकडा अधिक लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे.

साउंडवाला

शेवटी कामाचे बोलतो. लेझीमताई यांनी मंडळाचे गणित सांगितले, तसे आमच्या बाजूचे सांगतो. खोक्यांची मांडणी बदलून बेस पुढच्या दिशेला अधिक आणि मागे-बाजूला कमी असा ठेवता येतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरला लिमिटर लावून त्यावर कुलूप घालता येते. मग ऑपरेटरला कितीही बक्षीस दाखवले तरी आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जात नाही. हे तंत्र नवे नाही, चांगल्या मैफलींत रोज वापरले जाते. मंडळांनी सुपारीच्या कागदावर खोक्यांची संख्या लिहिण्याऐवजी ‘ए’ आणि ‘सी’ या दोन्ही मापांची मर्यादा लिहावी, आणि गल्लीत शिरण्याआधी बेस पूर्ण बंद होईल असे कलम घालावे. असा कागद घेऊन कुणी आले तर मी कमी पैशातही काम घ्यायला तयार आहे, कारण डिझेल वाचते आणि स्पीकरचे शंकू फाटत नाहीत.

बाळीवेसकर

साउंडवाला, आमच्या मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. हा कलमांचा मसुदा मी पार्कचौक यांच्याकडून आकडे भरून घेऊन तिथे मांडतो. रुंद रस्त्यावर मर्यादित आवाजात तुमची गाडी, आणि मधल्या मारुतीपासून पुढे गल्लीत हलगी-लेझीम, असा प्रस्ताव आहे. यंदा लेझमीला आमच्याकडे फार तर पंचवीस जण उभे राहतील आणि त्यांतील निम्म्यांचे पाय चुकतील. शेजारचे मंडळ हसेल, हेही गृहीत धरले आहे. सातरस्ता, तुमच्या तीन अटींपैकी मानधन आणि पंगत या दोन मी बैठकीत ठरावात घालून घेऊ शकतो. तिसरीसाठी माझ्या पुतण्याचे नाव देतो. तो दहावीत आहे, त्यामुळे घरातून विरोध अभ्यासाच्या कारणाने होईल असे दिसते. लेझीमताई, तुमचे काका आठवड्यातून दोन संध्याकाळी बाळीवेशीत येऊ शकतील का, आणि फायबरची हलगी कुठे मिळते, हे कळवावे.

लेझीमताई

काका मंगळवारी आणि शुक्रवारी मोकळे असतात. मानधन त्यांच्याशी तुम्हीच बोलून घ्या, माझ्यामार्फत नको. त्यांना ते अधिक आवडेल. फायबरची हलगी वाद्यांच्या कुठल्याही मोठ्या दुकानात सांगून ठेवली तर आठवड्यात येते. पुतण्याला मात्र आधी कातडीवरच शिकू द्या.